हलव्याचा दाणा आणि रसायनाचा कण

कोणतीहि वस्तु नित्य डोळ्यांसमोर असली म्हणजे तिच्याविषयींची जिज्ञासा मावळते, हा मनुष्यस्वभावच आहे. गणपतीच्या मखरासाठीं पुष्कळ वर्षें आपल्याकडे घरोघर थर्मोकोलचे पांढरे तक्ते आले. मुलांनीं ते सुरीनें कापले, त्यांतून कमानी, खांब आणि कळस उभे केले. कापतांना सुटणारे बारीक मणी केसांत, कपड्यांत आणि देवघराच्या कोनाड्यांत जाऊन बसले, आणि ते झाडूनहि निघेनात म्हणून घरांतील वडील बायकांनीं त्रागा केला. परंतु हे मणी इतके गोल कशानें झाले, ते जवळजवळ सारखेच कां दिसतात, आणि त्यांना घडविणारा कुंभार कोण, हा प्रश्न फारच थोड्या घरांत निघाला असेल.

तो कुंभार म्हणजे पाणी. तेलासारखा द्रव पाण्यांत घुसळून त्याचे थेंब करावयाचे, आणि थेंब सुटे असतांनाच त्यांना जागच्या जागीं खड्यासारखें घट्ट करावयाचें, अशी ही विद्या आहे. तिची पुढची पायरी म्हणजे एका कणावर दुसऱ्या द्रव्याचा थर चढवून आंत एक आणि बाहेर एक अशा दुहेरी स्वभावाचा कण तयार करणें. तोंडांतील कृत्रिम दांत, शेतांतील नळ, रोगाची तपासणी, वीजकेंद्रांतील पाणी, इतक्या दूरदूरच्या गोष्टींशीं या विद्येचा संबंध पोंचतो. मीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. रसायन हा माझ्या अध्यापनाचा विषय नव्हे. तथापि जें आपल्या घरांत आलें आहे तें काय आहे हें गृहस्थानें जाणून घ्यावें, या मताचा मी आहें; म्हणून हा लेख.

बहुवारिक म्हणजे काय?

आधीं शब्दाचा उलगडा करूं. ज्याला पॉलिमर म्हणतात त्याला आपल्या परिभाषाकारांनीं ‘बहुवारिक’ हें नांव दिलें आहे. वार म्हणजे खेप, आवृत्ति. एकच लहान रेणु हजारों वेळां स्वतःसारख्याच दुसऱ्या रेणूला जोडला जाऊन जी लांबलचक सांखळी होते ती बहुवारिक, आणि तिची एकेक कडी म्हणजे एकवारिक. दीर्घ समासांत पदाला पद जोडलें जातें हें संस्कृत शिकलेल्यांस माहीत आहे. पण समासांतील पदें भिन्न असतात. बहुवारिकाला जपमाळेची उपमा अधिक शोभेल. मणी तोच, नाम तेंच, आवृत्ति मात्र सहस्र. अशा प्रचंड सांखळ्या सृष्टींत खरोखर असतात हें जर्मन रसायनज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनीं १९२० सालीं मांडलें, तेव्हां पुष्कळ विद्वानांस तें पटलें नाहीं. पुढें १९५३ सालीं त्यांच्या याच कार्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

बहुवारिकें केवळ कारखान्यांत होतात असें मात्र समजूं नये. कापूस हें बहुवारिकच आहे आणि रेशीमहि बहुवारिकच आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यांत मोहाडी तालुक्यांतील आंधळगांव हें कोशाच्या कापडासाठीं प्रसिद्ध आहे. या कोशाचा तंतु जवळून पाहिला तर तो एकजीव नसतो. त्याच्या गाभ्यांत फायब्रॉइन नांवाचें बळकट प्रथिन असतें, आणि त्याच्याभोंवतीं सेरिसिन नांवाच्या डिंकासारख्या प्रथिनाचें वेष्टन असतें. गाभा ताण सोसतो. वेष्टन तंतूला तंतु चिकटवून किड्याचें घर बांधतें. कोश सोड्याच्या पाण्यांत उकळला म्हणजे वेष्टन सैल होतें आणि धागा सुटतो. सोंवळ्याचा रेशमी मुकटा नेसून पूजेला बसणाऱ्या गृहस्थाच्या अंगावर जें वस्त्र असतें, त्याचा प्रत्येक तंतु एके काळीं असा दुपदरी होता. आंत बळ आणि बाहेर निराळा गुण, ही युक्ति निसर्गाची आहे. रसायनज्ञांनीं ती पुढें गोल कणांत आणली.

थेंबांची शाळा

आतां मूळ कृतीकडे वळूं. स्टायरीन हा तेलासारखा पातळ द्रव आहे. तो पाण्यांत विरघळत नाहीं, आणि हलका असल्यामुळें पाण्यावर तरंगतो. मोठ्या बंद पात्रांत पाणी घेऊन त्यांत हा द्रव ओततात आणि फिरत्या पात्यांनीं सारखा घुसळतात. ताक घुसळतांना रवीच्या जोरावर लोण्याचे कण गोळा होतात. येथें उलट आहे, घुसळण्यानें द्रव फुटून त्याचे बारीक थेंब होतात. घुसळण्याचा वेग वाढविला तर थेंब लहान, कमी केला तर मोठे. परंतु सोडून दिल्यास हे थेंब पुनः एकमेकांत मिसळून जातील. म्हणून पाण्यांत ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची अगदीं बारीक पूड, किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखें डिंकाळ द्रव्य, थोडें घालतात. तें प्रत्येक थेंबाच्या अंगावर पातळ आवरण धरतें. पुरणाचे गोळे एकाच ताटांत ठेवावयाचे असले म्हणजे आपल्या घरांतील बायका त्यांना वरून पिठी लावतात, तोच हेतु.

या अवस्थेला शास्त्रांत ‘निलंबन’ म्हणतात. कचेरींतील कारकुनाचें निलंबन होतें तेव्हां तो नोकरींतहि नसतो आणि नोकरीबाहेरहि नसतो. थेंबाचीहि तशीच स्थिति असते. तो पाण्यांत असतो, पण पाण्याचा झालेला नसतो. फरक इतकाच कीं कारकुनाचें काम थांबतें आणि थेंबाचें काम येथूनच सुरू होतें.

द्रवांत बेंझॉइल परॉक्साइडसारखें एक आरंभक द्रव्य आधींच विरघळविलेलें असतें. पाणी सुमारें ९० अंशांपर्यंत तापविलें म्हणजे आरंभकाचे रेणु फुटतात आणि स्टायरीनच्या रेणूंना हात देऊन सांखळ्या गुंफावयास लावतात. प्रत्येक थेंब ही एक स्वतंत्र चिमुकली भट्टीच होय. या क्रियेंत उष्णता पुष्कळ सुटते, पण भोंवतीं पाणीच पाणी असल्यामुळें ती त्यांत मुरते आणि द्रव्य करपत नाहीं. नुसता स्टायरीन एका मोठ्या भांड्यांत ठेवून हीच क्रिया केली, तर मधल्या भागांतील उष्णता बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं आणि काम हाताबाहेर जाण्याचें भय असतें. पाणी येथें कुंभारहि आहे आणि राखणदारहि आहे.

परंतु या प्रवासांत एक कठीण घाट लागतो. पाण्याचें वजन १ धरलें तर स्टायरीनचें सुमारें ०.९१ आणि घट्ट झालेल्या पॉलिस्टायरीनचें सुमारें १.०५ भरतें. म्हणजे आरंभीं तरंगणारा थेंब अखेरीस बुडणारा मणी होतो. मधल्या काळांत तो धड पातळ नसतो आणि धड घट्टहि नसतो. मधासारखा चिकट असतो. दोन थेंब या वेळीं भेटले तर सुटत नाहींत. अशा वेळीं पातें बंद पडलें, किंवा आवरणाचें द्रव्य कमी पडलें, तर पात्रांतील सगळा माल एका गोळ्यांत गोठून जातो आणि मग तो फोडून काढण्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणून या घाटांतून थेंब पार होईपर्यंत कामगारांना डोळ्यांत तेल घालून बसावें लागतें. पोरवयांतून प्रौढपणाकडे जाणाऱ्या मुलांना ज्यांनीं शिकविलें आहे, त्यांना हा मधला काळ निराळा समजावून सांगावयास नको.

थर्मोकोल करावयाचा असेल तर या मण्यांत पेंटेन नांवाचा सहज उडून जाणारा द्रव दाबाखालीं मुरवितात. मग वाफ दिली कीं मणी मऊ पडतो, आंतील पेंटेनची वाफ होते, आणि धानाची लाही फुलावी तसा तो फुलून मूळ आकारमानाच्या चाळीसपटींपर्यंत वाढतो. असे फुललेले मणी सांच्यांत पुनः वाफ देऊन चिकटविले म्हणजे तक्ता झाला. अशा तक्त्यांत शेंकडा ९८ भाग नुसती हवाच असते.

थरावर थर

येथपर्यंत एकाच द्रव्याचा कण झाला. थरांचा कण कसा होतो हें समजण्यासाठीं संक्रांतीच्या आधींच्या आठवड्यांत आपल्या स्वयंपाकघरांत डोकावावें. शेगडीवर मंद निखारे असतात, त्यांवर पितळेची परात असते (आमच्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ति वाचकांनीं ऐकली असेल), आणि परातींत तीळ, खसखस किंवा साबुदाणा असतो. त्यावर चमचाभर पाक घालावयाचा आणि बोटांनीं सारखें फिरवीत राहावयाचें. तो वाळला कीं पुनः चमचाभर. असें तासन् तास केलें म्हणजे तिळाभोंवतीं साखरेचे थरावर थर चढतात आणि अखेर कांटेदार शुभ्र हलवा तयार होतो.

थरांच्या बहुवारिक कणाची कृति याच धर्तीची आहे. आधीं तयार केलेले बारीक कण पाण्यांत निलंबित करावयाचे. त्यांना ‘बीज’ म्हणतात. मग दुसरें एकवारिक, आरंभकासह, थेंब थेंब सोडावयाचें. तें पाण्यांतून बीजापर्यंत पोंचतें, त्याला बिलगतें आणि तेथेंच त्याची सांखळी होते. हलव्याच्या कृतींतील तीन पथ्यें येथें जशींच्या तशीं लागू पडतात.

पहिलें पथ्य संथपणाचें. पाक एकदम ओतला तर तीळ परस्परांस चिकटून त्यांचा लाडू होतो. एकवारिक एकदम सोडलें तर बीजेंहि तशींच चिकटतात. दुसरें पथ्य प्रमाणाचें. परातींत पाक गरजेपेक्षां अधिक झाला तर तो तिळावर न बसतां आपापली निराळी साखर होऊन तळाशीं पडतो. पात्रांतहि जास्तीचें एकवारिक बीजाकडे न जातां स्वतःचे नवे बारीक थेंब धरतें, आणि मग थरांच्या कणांबरोबर बिनबीजाचा चुराहि हातीं येतो. तिसरें पथ्य आंचेचें. निखारे प्रखर झाले तर हलवा पिवळा पडतो, मंद झाले तर पाक वाळत नाहीं. पात्रांतील उष्णतेचेंहि तसेंच मान राखावें लागतें.

पण एका बाबतींत उपमा थांबते, आणि खरी कसोटी तेथेंच आहे. साखर तिळाच्या आंत शिरत नाहीं. एकवारिक मात्र बीजाच्या आंत शिरूं पाहतें, कारण पुष्कळ बहुवारिकें आपल्या सजातीय द्रवांत फुगतात. तें खोलवर मुरलें तर थर न होतां नुसती सरमिसळ होते. हें टाळण्यासाठीं बीजाच्या सांखळ्या आडव्या टांक्यांनीं एकमेकींस जोडून त्यांचें जाळें करतात. जाळें दाट असेल तितका द्रव कमी शिरतो. शिवाय प्रत्येक द्रव्याची पाण्याविषयींची आवड निराळी असते. ज्याला पाणी अधिक प्रिय तें बाहेर राहूं पाहतें, आणि ज्याला पाण्याचा तिटकारा तें आंत दडूं पाहतें. या स्वभावाविरुद्ध थर लावावयास गेलें तर पुष्कळदां आंतलें बाहेर येतें आणि बाहेरचें आंत जातें. कण घडविणाऱ्याला द्रव्याचा स्वभाव ओळखूनच योजना करावी लागते.

सगळे कण एकाच मापाचे करणें ही याहूनहि अवघड गोष्ट. घुसळून केलेले थेंब थोडेफार लहानमोठे होतातच. पृथ्वीवर तरंगणें व बुडणें चुकत नाहीं, म्हणून अमेरिकेच्या कोलंबिया यानांतून १९८२ सालीं वजनरहित अवस्थेंत असे कण वाढविण्याचे प्रयोग झाले. परंतु त्याच्याहि आधीं, १९७६ च्या सुमारास, नॉर्वेंतील ट्रोंडहाइम येथील प्राध्यापक योन उगेलस्टाड यांनीं जमिनीवरच तो प्रश्न सोडविला होता. त्यांनीं सारख्या आकाराचीं बारीक बीजें घेतलीं आणि त्यांत प्रथम एक तेलकट द्रव्य थोडेंसें मुरविलें. त्यायोगें बीजाची भूक अशी वाढली कीं तें स्वतःच्या शेंकडों पट एकवारिक गिळूं लागलें, आणि सगळीं बीजें सारख्याच प्रमाणांत फुगलीं. पुढें याच कणांच्या छिद्रांत लोहाचें चुंबकीय प्राणिद भरून वर बहुवारिकाचा थर देण्यांत आला. असे कण रक्ताच्या नमुन्यांत टाकावे, त्यांच्या पृष्ठभागाला हवी ती पेशी चिकटूं द्यावी, आणि बाहेरून लोहचुंबक लावून ते एका बाजूस ओढून घ्यावे. २०२० सालच्या करोना साथींत नाकाघशांतील नमुन्यांतून विषाणूचें जनुकद्रव्य वेगळें काढण्यासाठीं चुंबकीय कण अनेक प्रयोगशाळांनीं वापरले. त्यांत सिलिकाचें वेष्टन असलेलेहि होते. त्या दिवसांत आपल्या घरांतील कोणाच्या तपासणीचा निकाल आपण श्वास रोखून पाहिला असेल. त्या निकालामागें अशा एका थरदार कणाचें काम असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आपल्या प्रांतांत

ही विद्या परदेशांतच राहिली असें नाहीं. रायगड जिल्ह्यांत नागोठण्यानजीक सुप्रीम पेट्रोकेम कंपनीच्या कारखान्यांत पॉलिस्टायरीन आणि थर्मोकोलचे फुलणारे मणी तयार होतात. रत्नागिरीजवळ रनपार येथें फिनोलेक्स कंपनीनें १९९४ सालीं समुद्रकांठीं पीव्हीसीचा कारखाना सुरू केला. तेथेंहि निलंबनाची पद्धति वापरतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंच्या हस्ते उघडली गेली. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे साबण आणि कलिल द्रव्यें यांचे नामांकित अभ्यासक होते, म्हणजे ज्या पातळ आवरणांवर निलंबनाची सारी भिस्त त्यांच्याच शास्त्राचे जाणकार. पुढें गोमंतकांतील माशेल येथें जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे बहुवारिकशास्त्राचे संशोधक तिचे संचालक झाले. सच्छिद्र गोल कण निलंबनानें तयार करून त्यांच्यावर विकर बसवावयाचें आणि त्यांच्या साहाय्यानें पेनिसिलिनपासून पुढचीं औषधें करावयाचीं, या विषयावरहि त्या प्रयोगशाळेंत संशोधन झालें आहे.

पीव्हीसीच्या कणाची रचना मोठी मनोरंजक आहे. त्याचें एकवारिक विनाइल क्लोराइड शून्याखालीं सुमारें १३ अंशांवरच उकळतें, म्हणून तें दाबाखालीं द्रवरूप ठेवून पाण्यांत घुसळावें लागतें. उष्णमान ५० ते ७० अंशांच्या दरम्यान असतें. येथें गंमत अशी कीं तयार झालेलें बहुवारिक स्वतःच्याच एकवारिकांत विरघळत नाहीं. तें थेंबाच्या आंत बारीक बारीक दाण्यांच्या रूपानें सुटें पडतें, ते दाणे परस्परांस चिकटून घोंस होतात, आणि बाहेरून डिंकाळ द्रव्याची पातळ साल बसते. म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या त्या कणांत एक संपूर्ण डाळिंबच असतें: वर साल, आंत दाण्यांचे पुंज, मध्यें पोकळ्या. या पोकळ्या ठेवण्यांत कारागिराचें कौशल्य आहे. त्या नसतील तर पुढें त्यांत तेलकट द्रव्यें मुरत नाहींत आणि उरलेला वायु बाहेर निघत नाहीं.

आमचा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. कोहळी समाजानें पिढ्यान् पिढ्या बांधलेल्या तळ्यांचें पाणी पूर्वीं मातीच्या पाटांनीं बांध्यांत जाई आणि वाटेंत बरेंचसें जमिनींत मुरे. आतां विहिरीवरील पंपापासून धुऱ्याधुऱ्यानें पीव्हीसीचे नळ गेलेले दिसतात. त्या नळाचा कणन् कण एके काळीं कुठल्या तरी पात्रांत असाच थेंब होता.

तोंडांतल्या दातांपासून बंबापर्यंत

उतारवयांतील वाचकांना अधिक जवळचें उदाहरण दातांच्या कवळीचें. पूर्वीं कवळ्या गंधक मिसळून घट्ट केलेल्या रबराच्या असत. १९३० नंतरच्या दशकांत पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट या द्रव्याचा उपयोग सुरू झाला. दंतवैद्याजवळ एक पूड आणि एक द्रव असतो. पूड म्हणजे निलंबनानें केलेले सूक्ष्म गोल कण. द्रव म्हणजे त्यांचेंच एकवारिक. दोन्ही कालविलीं म्हणजे द्रव प्रत्येक कणाचा बाहेरचा थर मऊ करतो, कणिक मळल्यासारखा गोळा होतो, आणि तो सांच्यांत घालून तापविला कीं कणांमधला द्रवहि घट्ट होऊन सगळे एकमेकांत गुंततात. नुसता द्रव घट्ट केला असता तर तो फार आकसला असता आणि कवळी हिरडीवर बसली नसती. पुष्कळसें काम आधींच कणांत उरकलेलें असल्यामुळें ती नीट बसते.

दुसरें उदाहरण पाण्याचें. जड पाण्यांत साबणाला फेस येत नाहीं, बंबाच्या तळाशीं पांढरा थर धरतो आणि डाळ शिजतां शिजत नाहीं. याचें कारण पाण्यांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे डी’अलेलिओ यांनीं स्टायरीनचे जाळीदार मणी गंधकाम्लाच्या प्रक्रियेनें असे तयार केले कीं ते कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेतात आणि त्याच्या बदल्यांत सोडियम देतात. त्याचें पेटंट १९४४ सालचें आहे. मणी थकले कीं मिठाचें पाणी घालून ते पुनः ताजे करतां येतात. आम्लाची ही क्रिया मण्याच्या बाहेरून आंत सरकत जाते. ती मध्येंच थांबविली तर बाहेरचा थर कामाचा आणि गाभा कोरा असा थरदार मणी मिळतो. अशा मण्यांत पदार्थांची देवघेव फार आंत जाऊन करावी लागत नाहीं, म्हणून ती लवकर होते. कोराडीसारख्या औष्णिक वीजकेंद्रांतील बाष्पकांना अत्यंत निर्मळ पाणी लागतें, आणि तें याच जातीच्या मण्यांतून गाळून घेतात.

हलाहलाचा प्रश्न

समुद्रमंथनांत रत्नें निघालीं तशी हलाहलहि निघालें. आणि रत्नें वांटून घ्यावयाला पुष्कळ आले, हलाहल कोणी घ्यावें हा प्रश्न उरला. या मंथनाचीहि ती कथा सांगितली पाहिजे. १९७४ च्या जानेवारींत अमेरिकेच्या केंटकी राज्यांतील लुइव्हिल येथील गुडरिच कंपनीच्या पीव्हीसी कारखान्यांतील कांहीं कामगारांस यकृताचा एक अत्यंत दुर्मिळ कर्करोग झाल्याचें जाहीर झालें. पात्राच्या आंतल्या भिंतीवर माल चिकटून राहतो. तो खरवडण्यासाठीं कामगार पात्रांत उतरत, आणि तेथें विनाइल क्लोराइडचा वायु त्यांच्या श्वासांत जाई. बहुवारिक घट्ट आणि निरुपद्रवी. पण त्याचें एकवारिक विषारी. त्यानंतर अमेरिकेंत कामाच्या जागेंतील हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचा सरासरीनें एकच भाग असावा, असा कडक निर्बंध झाला. पात्रांच्या भिंतींना माल चिकटूं नये म्हणून लेप आले, माणसाऐवजीं पाण्याचे जोरदार फवारे सफाई करूं लागले, आणि तयार कणांतून वाफेनें उरलासुरला वायु काढून घेण्याची रीत पडली. मघां सांगितलेल्या डाळिंबाची साल पातळ आणि आंत पोकळ्या असाव्यात, याचें महत्त्व येथें ध्यानांत येईल. सालीची जाडी हा नुसत्या कारागिरीचा प्रश्न उरला नाहीं. तो माणसाच्या जिवाचा प्रश्न झाला.

दुसरें विष शिशाचें. पीव्हीसी तापविलें असतां खराब होऊं लागतें, म्हणून नळ ओढतांना त्यांत स्थिरक द्रव्य घालावें लागतें; स्वस्त पडतें म्हणून शिशाचे क्षार पुष्कळ वर्षें वापरले गेले. लहान मुलांच्या बुद्धीवर शिशाचा परिणाम होतो हें आतां सर्वमान्य आहे. भारत सरकारनें २०२१ सालीं नळांतील शिशाच्या स्थिरकाविरुद्ध नियम केले. कॅल्शियम आणि जस्त यांचीं स्थिरकें हा त्याला पर्याय आहे. घरांत पिण्याच्या पाण्याचा नळ नवा घालतांना चार पैसे वांचविण्यासाठीं बिननांवाचा माल घेऊं नये. भारतीय मानक संस्थेची खूण आणि ४९८५ हा मानकाचा क्रमांक पाहावा, आणि नळ शिसेंविरहित आहे कीं नाहीं हें दुकानदारास स्पष्ट विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं.

तिसरा प्रश्न थर्मोकोलचा. तो विषारी नाहीं, पण तो कुजतहि नाहीं. नदींत विसर्जन केलेलें मखर फुटून त्याचे मणी सुटे होतात आणि वर्षानुवर्षें पाण्यावर तरंगतात. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च १९१८ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २३ मार्च २०१८ रोजीं, थर्मोकोलच्या ताटवाट्या व सजावट यांवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर सबंध देशांतच बंदी आली.

मग ही विद्या चांगली कीं वाईट? माझ्या मतें प्रश्नच असा विचारूं नये. द्रव्याचें आयुष्य आणि उपयोगाचें आयुष्य यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें पाहावें. नळ अर्धशतक टिकावा अशी आपली अपेक्षा असते आणि द्रव्यहि तेवढें टिकतें. तेथें मेळ आहे. कवळी वर्षानुवर्षें तोंडांत राहते. तेथें मेळ आहे. पाणी शुद्ध करणारा मणी हजारों वेळां ताजा होऊन पुनः कामास लागतो. तेथेंहि मेळ आहे. परंतु दीड दिवसाच्या गणपतीसाठीं, किंवा अर्ध्या घटकेच्या पंक्तीसाठीं, शतकानुशतकें न मरणारी वस्तु वापरणें, हा त्या वस्तूचा दोष नव्हे. तिला भलत्या कामास लावणाराचा दोष आहे. पळसाची पत्रावळ जेवण होईपर्यंत टिकते आणि पुढें खत होते. तिच्या उपयोगाइतकेंच तिचें आयुष्य आहे. आमच्या भागांत पळसाला तोटा नाहीं, आणि मखरासाठीं केळीचे खुंट व कागद पूर्वींहि पुरत होतेच.

शेवटीं वडील मंडळींना एक विनंति. मुलें आतां शाळेंत बहुवारिकाची व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. येत्या संक्रांतीला त्यांना शेगडीजवळ बसवावें, हातांत चमचा द्यावा, आणि पाक एकदम कां ओतावयाचा नाहीं हें त्यांनाच विचारावें. हें काम बहुतेक घरांत आजी किंवा काकू करतात, आणि त्यांना तें कोणत्याहि पुस्तकापेक्षां चांगलें समजावून देतां येईल. ज्या मुलाला हलव्याचा दाणा समजला त्याला रसायनाचा कण समजावयास वेळ लागणार नाहीं. आणि ज्याला कण समजला तो नळ विकत घेतांना, पत्रावळ निवडतांना आणि पुढें कदाचित् एकाद्या कारखान्यांत पात्रावर देखरेख करतांना डोळे उघडे ठेवील.